चौथ्या पाटीवर कोण होतं?

कळव्याला रुळांपासून फार लांब नसलेल्या एका मैदानावर किशोर गटाचा खो-खोचा सामना चालू होता. दिवाळी होऊन गेली होती, ऊन उतरलं होतं, आणि खाडीकडून ओहोटीचा तो ओळखीचा वास येत होता. शेवटच्या पाळीतली शेवटची दहा-बारा सेकंदं. एक गडी मारला की बरोबरी. मारणारा मुलगा तोंडाला फेस येईपर्यंत पळणाऱ्याच्या मागे लागला होता. पळणारा तिसऱ्या आणि चौथ्या पाटीच्या, म्हणजे मुलं बसतात त्या चौकोनांच्या, मधून पलीकडे सटकला, आणि नेमका त्याच क्षणी फास्ट लोकलचा भोंगा वाजला. चौथ्या पाटीवरचा मुलगा उसळून उठला, दोन ढांगांत त्याने पळणाऱ्याच्या पाठीला हात लावला, पाट्यांवरची बाकीची पोरं आरोळी ठोकून उभी राहिली, आणि पंचांची शिट्टी आली. खो मिळायच्या आधी उठला. फाउल. गडी बाद नाही. वेळ संपली.

सरांनी काही विचारलं नाही. सगळ्या संघाला मैदानाबाहेर घेतलं आणि दहा फेऱ्या सांगितल्या. ‘जिंकलो तर सगळे जिंकतो, हरलो तर सगळे हरतो,’ एवढंच म्हणाले. बाहेर बसून स्टॉपवॉच धरलेला राखीव मुलगाही चप्पल काढून धावायला लागला. चौथ्या पाटीवरच्या मुलाचा चेहरा पहिल्या फेरीत राखेसारखा होता. तिसऱ्या फेरीत तो शेजारच्याशी बोलायला लागला, सातव्या फेरीत हसत होता. दहा फेऱ्या झाल्यावर त्याने बाटलीभर पाणी घटाघटा प्यायलं, दप्तर खांद्याला लावलं आणि मित्राच्या गळ्यात हात टाकून वडापावच्या गाडीकडे गेला. ज्याने खो दिला होता, किंवा दिला नव्हता, तो मात्र सगळ्यांच्या मागे एकटाच धावत राहिला. त्याच्याकडे कोणी बघितलं नाही आणि त्याने कोणाकडे बघितलं नाही.

तो मागे राहिलेला मुलगा डोळ्यांसमोरून जात नाही.

सरांना चूक ठरवणं सोपं आहे, म्हणून ते करावंसं वाटत नाही. संध्याकाळी नोकरीवरून थेट मैदानावर येणारा, स्वतःच्या खिशातून क्रेप बँडेज आणि बर्फ आणणारा माणूस होता तो. संघ ही एकजिनसी गोष्ट आहे, कोणा एकाच्या डोक्यावर पराभव फोडू नये, हे त्याला पोरांना शिकवायचं होतं, आणि त्यात खोटं काही नाही. पण त्या दहा फेऱ्यांनी नेमकं उलटं शिकवलं. ज्याची चूक होती त्याला वाटलं, आपण किंमत मोजली, आता खातं बंद. ज्यांची नव्हती त्यांना वाटलं, पाप कोणाचं आणि ताप कोणाला. आणि प्रत्यक्षात काय झालं, खो गेला का, आवाज आला का, हात लागला का, हे शोधायची गरजच कोणाला उरली नाही. सगळे जबाबदार म्हटलं की कोणीच काही सांगायचं नसतं.

आपल्या भाषेत या शब्दाच्या पोटातच ‘जबाब’ आहे. जबाबदार म्हणजे ज्याने उत्तर द्यायचं तो. पण मुलांच्या कानावर जबाब हा शब्द येतो तो ‘दे जबाब!’ असा, नाहीतर पोलीस चौकीतल्या जबाबासारखा. म्हणून विचारलं की मूल आधी आवळतं, मग बचाव शोधतं. मैदानावर शिकवायचं असतं ते एवढंच, की उत्तर देणं म्हणजे शिक्षेला सामोरं जाणं नव्हे. काय झालं ते नीट सांगणं. खो-खोसारखा खेळ त्यासाठी फार मोलाचा आहे, कारण इथली बहुतेक चूक एका माणसात नसतेच. ती दोघांच्या मधे पडलेली असते.

बसणाऱ्याची अवस्था आठवून बघा. ३० सेंटीमीटर लांब-रुंद चौकोनात तो चवड्यांवर बसलेला, हात जमिनीला टेकलेले, तोंड मैदानाच्या एका अंगाला. मारणारा येतो तो त्याच्या पाठीमागून. त्याला दिसतो तो फक्त पळणारा, तोही समोर, हाताच्या अंतरावर आलेला. पाठीवर हात पडायला हवा आणि कानावर स्पष्ट ‘खो’ पडायला हवा, तरच उठायचं. डोळा सांगतो ऊठ, नियम सांगतो थांब. चौदा वर्षांच्या आतल्या मुलाच्या अंगात डोळा जिंकतो. तिकडे खो देणाऱ्याची चूक वेगळीच असते. दमलेला असला की हात लागतो आणि आवाज मागून येतो, किंवा आवाज घशात राहतो. वेगात असला की पाय आडवी पाटी सोडून पुढे जातो आणि मग खो दिला जातो, तोही फाउल. उठणाऱ्याचा पहिलाच पाय मध्यपाटीवर पडला, तो आणखी एक. आणि फाउल झाला की मारणाऱ्याला उलट्या दिशेला जावं लागतं, दमलेल्या पळणाऱ्याला तीन-चार सेकंदांचा श्वास मिळतो. किशोर गटाच्या ७ मिनिटांच्या पाळीत असे पाच-सहा श्वास दिले की तो गडी पुन्हा ताजातवाना.

त्यात एक गोष्ट बघणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. आठ पाट्यांवरची मुलं एकाआड एक उलट्या तोंडाने बसतात. म्हणजे चौथ्या पाटीवरच्याला जो मारणारा दिसत नाही, तो तिसऱ्या आणि पाचव्या पाटीवरच्यांना समोर दिसत असतो. ‘थांब, थांब’ असं हळू म्हणायला त्यांना कोणी अडवलेलं नसतं. त्या संध्याकाळी ते दोघे काय करत होते? बहुधा श्वास रोखून बघत होते. तेव्हा त्या एका फाउलचा हिशेब मांडायचा तर चार माणसं लागतात. उठणारा, देणारा, आणि शेजारचे दोन. बारा नव्हे. स्टॉपवॉचवाला तर नव्हेच.

सामाईक जबाबदारी शिकवायची ती अशा चौकटीत. ज्याच्या हातात काही होतं, त्यालाच त्या गोष्टीत ओढायचं. अकरा मुलांना एकाच्या उशिरासाठी धावायला लावलं तर त्या अकरांनी काय करायला हवं होतं, हे त्यांना सांगता येत नाही. ती फक्त त्या एकाचा राग करायला शिकतात, आणि तो राग मैदानाबाहेर, शाळेच्या गेटवर निघतो. त्याच इमारतीत राहणारा मित्र मात्र खालून एक हाक मारू शकला असता. त्याला विचारणं रास्त आहे.

यासाठी जोडीचा सराव फार उपयोगी पडतो. तिघं जण लागतात. एक पाटीवर बसतो, दुसरा मागून तीन-चार मीटरवरून धावत येतो, तिसरा बाजूला उभा राहतो. देणारा चार प्रकार मिसळून करतो. कधी नुसता हात लावतो, कधी नुसतं ‘खो’ म्हणतो, कधी दोन्ही, कधी मुद्दाम पाटी सोडून देतो. बसणाऱ्याने फक्त हात आणि आवाज दोन्ही मिळाले तरच उठायचं. दहाचा एक डाव, मग जागा बदलायच्या. दहांपैकी आठ स्वच्छ झाले तर जोडी सुटली. नाहीतर दोघांनीही पुन्हा, चूक कोणाचीही असो. गुण जोडीला एकच. तिसऱ्याचं काम सगळ्यात अवघड, त्याने नुसतं ‘फाउल’ म्हणायचं नाही, कुठला ते सांगायचं: ‘लवकर उठला’, ‘आवाज नाही’, ‘पाटी सोडली’, ‘मध्यपाटीवर पाय’. या चार शब्दांपलीकडे बोलायचं नाही. ‘नेहमीच असं करतो’ चालत नाही. ‘लक्षच नसतं याचं’ चालत नाही.

पहिले काही दिवस नुसती भांडणं होतात. देणारा म्हणतो मी ओरडलो होतो, बसणारा म्हणतो मला ऐकूच आलं नाही, तिसरा आपल्या दोस्ताची बाजू घेतो. घेऊ द्यावी, थोड्या वेळाने तोच पाटीवर बसणार असतो. मग हळूहळू एक वेगळा आवाज ऐकू यायला लागतो. तिसऱ्याने तोंड उघडायच्या आधी बसलेला म्हणतो, ‘लवकर उठलो.’ एवढंच. त्यात लाज नसते, गयावया नसते, पायात काटा रुतला असं सांगावं तसं सांगितलेलं असतं. हा आवाज ज्या दिवशी पहिल्यांदा येतो त्या दिवशी सराव दहा मिनिटं लवकर सोडला तरी चालेल.

आणि खो दिल्यावर काय करायचं असतं? ज्याला खो दिला त्याच्याच जागी, लगेच, खाली बसायचं. काम दुसऱ्याकडे सोपवलं म्हणून आपण मोकळे होत नाही, त्याने सोडलेली जागा आता आपली. दमलेली मुलं नेमकी इथे ढिली पडतात. खो दिला की क्षणभर उभं राहून पुढच्याची धाव बघत बसतात, मग सावकाश टेकतात. तेवढ्या वेळात पळणारा फिरून त्यांच्याच पाटीपाशी आलेला असतो आणि ते उठायच्या तयारीत नसतात. तिसरा गडी मारला की पळणाऱ्यांची पुढची तुकडी आत येते, तेव्हा ज्याने तिसरा मारला त्याने नव्या तुकडीच्या मागे स्वतः लागायचं नाही, आधी खो द्यायचा, हा नियम मुलांना सगळ्यात जड जातो. टाळ्या चालू असतात, अंगात वारं भरलेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच खाली बसायचं असतं. अल्टिमेट खो-खो लीग २०२२ मध्ये टीव्हीवर आली, दिशेचं बंधन नसलेला ‘वझीर’ मुलांनी बघितला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत आपल्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी नेपाळला हरवून पहिला विश्वचषक जिंकला. त्याचा आनंद आहेच, मैदानं भरली ती त्यामुळेच. पण आता दहा मुलांतल्या आठांना वझीर व्हायचंय, आणि चौथ्या पाटीवर बसायला कोणी राजी नाही. बसणं हे काम आहे, हे त्यांना पटवून द्यायला वेळ लागतो.

खेळाबाहेरच्या गोष्टींत हे जास्त सोपं जातं, म्हणून सुरुवात तिथून करावी. पाण्याचंच घ्या. मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद, म्हणजे ४३२ चौरस मीटर. धूळ बसवायला चौरस मीटरला एक लिटर धरलं तरी १५ लिटरच्या साधारण २९ बादल्या लागतात. पंधरा मुलं असतील तर माणशी दोन. सरावाच्या तासभर आधी मारायच्या, म्हणजे वरचा थर ओलसर होतो पण चिखल होत नाही. उशिरा मारल्या तर खांबापाशी वळताना पाय घसरतो, अजिबात नाही मारल्या तर सूर मारणाऱ्याच्या डोळ्यांत आणि नाकात माती. आता एक मुलगी आली नाही. तिच्या दोन बादल्यांचं काय? कोणी बोललं नाही तर खांबाजवळचा एक पट्टा कोरडा राहतो, पिवळट, बाकीच्या गडद मातीत उठून दिसणारा. तिची गैरहजेरी जमिनीवर दिसते. दुसऱ्या दिवशी तिला रागावायची गरज नसते. पट्टा दाखवायचा आणि विचारायचं, तू येणार नव्हतीस तर कोणाला सांगितलं होतंस? कारण न येणं ही चूक नव्हे. ताप येतो, परीक्षा असते, घोडबंदर रोडला बस तासभर अडकते. न सांगणं ही चूक. आणि सांगितलं होतं तर ज्या जोडीदाराला सांगितलं त्याच्या नावावर त्या दोन बादल्या गेल्या. हे लहानांना कळतं. मोठ्या शब्दांतून जे आत जात नाही ते बादलीच्या वजनातून जातं. हाताला कडीचे वळ उठतात, पायांवर पाणी सांडतं, आणि शेजारचा न सांगता अर्धी बादली उचलू लागतो.

फक्की मारायचं कामही असंच वाटून द्यावं, पण एका अटीवर. सामान मोठ्यांनी तपासलेलं असलं पाहिजे. पांढऱ्या रेषांसाठी काही ठिकाणी स्वस्त पडतो म्हणून चुना वापरतात. सूर मारणाऱ्या मुलाचं तोंड जमिनीपासून वीतभर अंतरावर असतं, चुना डोळ्यांत गेला तर भाजतो. खांबाचंही तेच. १२० ते १२५ सेंटीमीटर उंचीचा तो लाकडी खांब रोज हलवून बघायचा, घट्ट आहे का, वरची कड गुळगुळीत आहे का, कारण अंगाचा सगळा भार टाकून पोरं त्याला लटकतात. हे मुलांच्या यादीत टाकू नये. जबाबदारी शिकवण्याच्या उत्साहात मोठी माणसं आपलं काम मुलांच्या गळ्यात बांधतात आणि वर त्याला संस्कार म्हणतात. खांब निखळला तर उत्तर मुलाने द्यायचं नसतं.

वहीची गोष्ट जरा नाजूक आहे. बाहेर बसलेल्या राखीव खेळाडूंना नुसतं टाळ्या वाजवायला बसवण्यापेक्षा नोंद ठेवायला द्यावी, हे चांगलंच. एकाकडे स्टॉपवॉच, पळणारा प्रत्येक गडी किती वेळ टिकला ते. दुसऱ्याकडे फाउल, कुठल्या पाटीवर आणि चारांपैकी कुठला. चार पाळ्यांनंतर कागद बघितला की चित्र उभं राहतं. दुसऱ्या आणि सातव्या पाटीवर फाउल जास्त दिसतात, किंवा शेवटच्या दोन मिनिटांत ‘आवाज नाही’ वाढतं. तेव्हा दम कमी पडतोय, शिस्त नव्हे. पण हीच वही हत्यार होते. एखादा मोठा मुलगा ती घेऊन सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतो, ‘तुझे चार, तुझे पाच,’ आणि सहा आठवड्यांची मेहनत एका मिनिटात मातीत जाते. म्हणून वहीत नावं लिहायची नाहीत. फक्त पाटीचा आकडा. त्या पाटीवर कोण होतं हे ज्याचं त्याला माहीत असतं, आणि त्यानेच ते सांगायचं. चौथ्या पाटीवर कोण होतं? हा प्रश्न विचारून थांबायचं. कधी कधी फार वेळ थांबावं लागतं. मोठ्यांना ती शांतता सोसत नाही, ते मधेच बोलतात. बोलू नये.

सामना हरल्यावर लगेच तर काहीच विचारू नये. बारा-तेरा वर्षांचं मूल हरल्यावर पहिला अर्धा तास ऐकण्याच्या अवस्थेत नसतं. पाणी, खरचटलं असेल तिथे धुणं, बर्फ, केळं. घणसोलीहून परतायचं असेल तर ठाण्याला येणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये डोकी मोजायची, जोडीने मोजायची, प्रत्येकाने आपल्या जोडीदाराची बॅग आणि पाण्याची बाटली बघायची. ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या गर्दीत उतरताना हे कामाला येतं. बोलायचं ते पुढच्या सरावाला, आणि तेही मुलांना सामन्यातल्या त्याच पाट्यांवर, तशाच उलट्या-सुलट्या तोंडांनी बसवून. वर्तुळात समोरासमोर बसवलं की पोरं एकमेकांचे चेहरे वाचून बोलतात. पाटीवर बसलं की अंगाला आठवतं. प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, ‘मी’पासून सुरू होणारी. मग एक गोष्ट शेजाऱ्याकडून हवी असलेली. बारा मिनिटांच्या वर नेऊ नये.

यात दोन आजार ठरलेले. एक ‘सॉरी सर’. चटकन, तोंडपाठ, डोळे खाली. ते विषय संपवण्यासाठी असतं. त्यावर विचारावं, सॉरी कशाबद्दल? बरेचदा उत्तर येतं, ‘हरलो म्हणून.’ हरण्याची माफी कशाला मागायची? दुसरा आजार जास्त दुखरा. एखादी मुलगी असते जी सगळंच स्वतःवर घेते. दुसरीने पाटी सोडली तरी म्हणते ‘माझंच चुकलं’, पंचांना दिसलं नाही तरी ‘माझंच चुकलं’. मोठी माणसं तिचं कौतुक करतात, किती समजूतदार पोर म्हणतात. पण तिनेही काय झालं ते बघितलेलं नसतं, आणि तिच्या आड तीन-चार जणी आरामात लपलेल्या असतात. तिला शिकवावं लागतं की दुसरीची चूक दुसरीला परत देणं ही चुगली नव्हे. ‘मी वेळेवर उठले. खो उशिरा आला.’ हे वाक्य तिच्या तोंडून यायला पूर्ण मोसम जातो, आणि येतं तेव्हा तिचा आवाज थरथरत असतो. बघवत नाही. तरीही थांबावं लागतं.

आई-वडिलांचं काय करायचं, याचं सरळ उत्तर नाही. सहा वाजता सराव सुटतो, सातला क्लास असतो, आई स्कूटर चालू ठेवून गेटवर उभी असते. मुलाच्या उशिराचं कारण तीच सांगते, बॅग तीच उचलते, ‘त्याला खो ऐकूच आला नाही हो’ हेही तीच सांगते. तिचं काही चूक आहे असं म्हणवत नाही. सकाळी साडेसातची लोकल पकडून परत आलेली बाई आपल्या पोराला दोन मिनिटं वाचवू बघते. तिला एवढंच सांगावं की, ताई, कारण खरं असेल, पण ते त्याला सांगू द्या. बऱ्याच जणी ऐकतात. वडील मंडळी जरा कमी ऐकतात.

सगळ्यात कठीण भाग मोठ्यांचा स्वतःचा. वयाचा दाखला मागेपुढे करून सोळा वर्षांचा मुलगा चौदाच्या आतल्या गटात उतरवला, तर त्या संघाला जबाबदारीवर भाषण देऊ नये. मुलांना सगळं माहीत असतं. कोणाचा आधार कार्डवरचा वाढदिवस शाळेतल्या वाढदिवसाशी जुळत नाही, हे त्यांना आपल्या आधी कळतं. एका दाखल्याने तीन वर्षांचा सराव वाया जातो. आणि लहान पातळीवर: चुकीचा खेळाडू बदलला, पळणाऱ्यांची तुकडी चुकीच्या क्रमाने पाठवली, दमलेल्याला आत ठेवलं, हे मुलांसमोर, मुलांच्या आधी, स्वतः सांगावं. ‘मी तिसऱ्या तुकडीत दोन नवखे एकत्र पाठवले. ते माझं चुकलं. पुढच्या वेळी दोन जुने, एक नवा.’ चूक, आणि पुढच्या वेळी काय. कारण नाही, उसासा नाही.

धावण्याच्या फेऱ्यांबद्दल एक राहिलंच. खो-खो हा धावण्याचा खेळ. धावणं ही शिक्षा झाली की मूल मनातल्या मनात धावण्यापासून अंग चोरायला शिकतं, आणि मग शेवटच्या दोन मिनिटांत पायच उचलत नाहीत. आवाज नसल्याची भरपाई आवाजाने व्हावी, उशिराची भरपाई पाण्याच्या बादलीने. आणि एकदा भरपाई झाली की तो विषय पुन्हा काढू नये. डिसेंबरमध्ये दिवाळीतला फाउल उकरून काढणारा माणूस मुलांच्या कायमचा मनातून उतरतो.

कळव्याच्या त्याच मैदानावर महिन्याभराने सराव चालू होता. पाणी मारलेलं, फक्की ताजी, खांबापाशी एक पट्टा जरा कोरडा. सरांनी सुरुवातीलाच, शिट्टी गळ्यात अडकवता अडकवता, मुलांना सांगितलं, ‘त्या दिवशी फेऱ्या मारायला लावल्या, ते चुकलं माझं. आधी विचारायला पाहिजे होतं.’ मुलं काही बोलली नाहीत. एकाने खाली बघत मातीवर बोटाने रेघ ओढली. मग तिघा-तिघांचे गट पडले.

तो मागे राहिलेला मुलगा आणि चौथ्या पाटीवरचा मुलगा एकाच गटात आले. कोणी मुद्दाम टाकलं की आपोआप पडले, सांगता येणार नाही. सहावा की सातवा खो चालू होता. देणारा धावत आला आणि मुंब्र्याकडून लोकल आली, भोंग्यासकट. पाठीवर हात पडलेला स्पष्ट दिसला. बसलेला जागचा हलला नाही. बोटं मातीत रुतवून, मान ताठ ठेवून तसाच बसून राहिला. गाडी निघून गेली.

‘हात लागला होता,’ तो म्हणाला, ‘आवाज नाही आला.’

‘ओरडलो होतो रे. पण गाडी आल्यावर आवाज खाली गेला माझा,’ दुसरा म्हणाला. आणि जरा थांबून: ‘त्या दिवशी पण.’

‘त्या दिवशी मी बघूनच उठलो,’ बसलेला म्हणाला. मान वळवून नव्हे, समोरच बघत.

तिसरा मुलगा चार ठरलेल्या शब्दांपैकी कुठला वापरावा या विचारात तोंड उघडं ठेवून उभा होता. देणारा आपल्या जागेवर परत गेला, तिथून त्याने हात वर केला आणि ओरडून विचारलं, ‘सर, पुढची गाडी येईपर्यंत थांबू का? भोंग्यातच देऊन बघतो.’ सरांनी मान हलवली. मग तिघंही थांबले. एक चवड्यांवर बसलेला, एक तीन-चार मीटर मागे एक पाय पुढे टाकून उभा, एक बाजूला. सगळ्यांचे कान रुळांकडे.